राखून ठेवलेल्या चुका

उषाला राग आला की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. हे मला शाळेपासून ठाऊक आहे. अंबरपेठेत आमची घरं समोरासमोर. तिचे आजोबा भालकीकडचे, माझे देगलूरचे. दोन्ही घरं शेती सोडून नोकरीसाठी हैदराबादेत आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दख्खनी. पुढे मी इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना गणित शिकवू लागले आणि उषा इंजिनीअर होऊन माधापूरच्या एका कंपनीत गेली. लग्न तिनं केलं नाही. वडील एकनाथराव वीज खात्यातून निवृत्त झालेले, आई सुशीलाबाई, आणि ही, असं तिघांचं घर.

तिचं काम काय, हे गल्लीत कोणालाच धड सांगता यायचं नाही. मला तिनं सांगितलं होतं ते असं. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात पुष्कळ कॉम्प्युटर चालवायचे. ते खरे नसतात, पण प्रत्येकाला वाटलं पाहिजे की सगळा सर्व्हर आपल्या एकट्याचा आहे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ही मशीनं चालवणारं, त्यांना पाळीपाळीनं प्रोसेसर देणारं आणि एकाला दुसऱ्याच्या ताटात हात घालू न देणारं जे सॉफ्टवेअर असतं, ते उषा लिहायची.

त्या कंपनीत हर्षद तिचा साहेब म्हणून पुण्याहून आला. ऑफिसात मराठी बोलणारं माणूस मिळालं याचाच उषाला केवढा आनंद. बायको वंदना तेव्हा पुण्यातच होती आणि हा इकडे एकटा राहून मेसचं खायचा. सुशीलाबाईंनी त्याला रविवारी जेवायला बोलवायला सुरुवात केली. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाचं तेल. तो पोटभर जेवायचा आणि उषाच्या बोलण्याची थट्टा करायचा.

"तुमची मराठी ऐकली की गंमत वाटते. मधेच 'हौ' काय, 'नक्को' काय."

"आमची अशीच आहे," उषा हसत म्हणायची. तिला ते लागायचं नाही. चार-सहा रविवार गेले आणि तो तिला अगं-तुगं करू लागला. ती मात्र त्याला शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिली.

त्याच सुमारास नवे प्रोसेसर आले आणि त्यातली एक सोय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचं काम कंपनीनं उषाकडे दिलं. ती त्या कामावर इतकी खुश होती की एका सकाळी गच्चीवर मिरच्या वाळत घालताना तिनं मला ते सगळं ऐकवलं.

"प्रोग्रॅम एका कामातून दुसऱ्या कामात शिरतो ना, तेव्हा परत कुठं यायचं तो पत्ता लिहून ठेवतो. चोर काय करतो, तो पत्ता खोडून तिथं आपला पत्ता लिहितो. मग प्रोग्रॅम आपल्या पायानं चालत चोराच्या घरी जातो."

"आणि ही नवी सोय?"

"प्रोसेसर त्या पत्त्याची दुसरी नक्कल ठेवतो, प्रोग्रॅमचा हात पोचणार नाही अशा जागी. परत येताना दोन्ही पत्ते ताडून बघतो. जुळले नाहीत तर तिथंच काम बंद. त्या नकलेला शॅडो स्टॅक म्हणतात."

"मग सगळं प्रोसेसरच करतो की. तू काय करतेस?"

"प्रोसेसर एक आणि त्यावर मशीनं ढीगभर. एकाची नक्कल दुसऱ्याच्या हाती पडली तर? एकाला थांबवताना त्याची नक्कल जपून ठेवायची, त्याची पाळी आली की परत द्यायची. चालू मशीन उचलून दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचं असेल तर नक्कलही सोबत गेली पाहिजे. नाहीतर नव्या जागी गेल्यावर पत्ते जुळत नाहीत आणि मशीन कोसळतं. तेच सगळ्यात अवघड आहे. ते अजून झालेलं नाही."

ते व्हायच्या आतच एकनाथराव आजारी पडले. यकृत गेलं होतं. उषा दवाखान्यात बसून राहिली. रजेवर जाण्याआधी तिनं हर्षदला त्याच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, आणि नंतर दवाखान्याच्या जिन्यातून फोनवर पुन्हा सांगितलं, की मशीन हलवण्याचा भाग अपुरा आहे, मी परत येईपर्यंत ही सोय कोणत्याही गिऱ्हाइकाकडे चालू करू नका. फोन झाला तेव्हा मी तिच्याशेजारी डबा घेऊन उभी होते. हर्षदचं उत्तर मलाही ऐकू आलं. "मी बघतो. तू वडिलांकडे बघ."

एक मोठं गिऱ्हाईक मागे लागलं होतं. हर्षदनं सोय चालू करून दिली. त्या गिऱ्हाइकानं दुरुस्तीसाठी आपली मशीनं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायला घेतली आणि ती एकामागून एक कोसळली. दिवसभर त्यांचा धंदा बंद राहिला.

त्या आठवड्यात एकनाथराव गेले होते. दहाव्याचे विधी आटोपून उषा घरी आली तोच फोनवर मीटिंगला बस असा निरोप आला. केस ओले, अंगावर साधी सुती साडी, तशीच ती आतल्या खोलीत बसली. कंपनीचे मोठे लोक होते. हर्षद शांतपणे म्हणाला, "काम उषाचं होतं. पूर्ण झालं असं तिनंच मला सांगितलं होतं."

"मी चालू करू नका म्हणाले होते," उषा म्हणाली.

"लेखी आहे का?"

लेखी काही नव्हतं. ज्या माणसाला आई वाढत होती त्याच्याकडून कोण लेखी घेतं? त्या महिन्याच्या शेवटी तिला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं.

नोकरी जाणं तिनं पचवलं असतं, असं मला वाटतं. ती दुसरीकडे गेली, मुलाखती चांगल्या झाल्या. दोन कंपन्यांनी जवळजवळ हो म्हटलं आणि मग दोन्हीकडून गप्प. त्यातल्या एकीत तिची कॉलेजातली मैत्रीण होती. तिनं खरं काय ते सांगितलं. हर्षदकडे चौकशी केली होती. तो म्हणाला, हुशार आहे, पण चूक लपवते.

हे उषानं मला सुलतान बाजारात सांगितलं. आम्ही सुशीलाबाईंसाठी पातळं घ्यायला गेलो होतो. रिक्षा, हातगाड्या, दुकानदारांच्या हाका, आणि त्यात ही इतक्या हळू बोलत होती की मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"कामात कच्ची म्हणाला असता तर चाललं असतं," ती म्हणाली. "लपवते म्हणाला. त्याच्यासाठी सगळ्यांसमोर मान खाली घालून बसले मी, वडिलांचं सुतक असताना. आणि मी लपवते."

"जाऊ दे," मी म्हटलं.

"नक्को. मी जाऊ देणार नाही."

पुढं बराच काळ ती घरीच बसून लहानसहान कामं करत होती, ऑनलाइन शिकवत होती. आणि वाट बघत होती. कशाची ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

उषा लिहायची त्या सॉफ्टवेअरचा गाभा जगभर खुला आहे. कोणीही त्यात बदल सुचवावा, तो एका मेलिंग लिस्टवर सगळ्यांसमोर टाकावा, इतरांनी तपासावा, चुका काढाव्यात, पुन्हा सुधारून टाकावा, आणि सगळ्यांचं समाधान झालं की तिथली वडीलधारी मंडळी तो मंजूर करतात, अशी त्यांची रीत. कोणत्याही कंपनीला शेवटी तिथं यावंच लागतं. नाहीतर गाभ्याची नवी आवृत्ती निघाली की आपले बदल दर वेळी नव्यानं जोडत बसावं लागतं. हर्षदही एक दिवस तिथं येणार हे उषाला माहीत होतं.

तो आला. बदल शॅडो स्टॅकचाच होता आणि लेखक म्हणून नाव हर्षदचं. उषानं उघडून पाहिलं. निम्मा कोड तिचा होता. नावं बदलली होती, पण एका ठिकाणी तिनं घाईत केलेली स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच होती. कोडवर हक्क कंपनीचा, त्यामुळे तक्रार करून उपयोग नव्हता. आणि तिला तक्रार करायचीच नव्हती.

ती तपासायला बसली. तपासणारा कोणीही चालतो, नोकरी लागत नाही, हर्षदची परवानगी लागत नाही. तिच्याइतकं ते काम जगात फार थोड्या लोकांना कळत होतं. तिला एका बैठकीत सगळ्या चुका दिसल्या. तिनं त्यातली एक लिहिली. एकच. अगदी सभ्य भाषेत: आपण घेतलेल्या कष्टांबद्दल आभार, मात्र मशीन हलवताना नकलेचा पत्ता बाहेर काढायला इथं वाटच ठेवलेली नाही, तेव्हा मशीन नव्या जागी कोसळेल.

लिस्टवरच्या लोकांनी तिचे आभार मानले. हर्षदच्या कंपनीला माघारी जावं लागलं. खूप दिवसांनी दुरुस्त आवृत्ती आली. उषानं दुसरी चूक दिली. मशीन बंद करून नव्यानं चालू केलं की जुन्या नकलेचे अवशेष तसेच राहतात. पुन्हा माघार. मग तिसरी. दर वेळी हर्षदला सगळ्या जगासमोर लिहावं लागायचं, आपलं म्हणणं बरोबर आहे, आमच्या नजरेतून सुटलं.

तसं उत्तर आलं की उषा समोरून चहाला यायची. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, पण त्या दिवशी ती दोनदा साखर घ्यायची.

"सगळ्या चुका एकदम का नाही सांगत?" मी एकदा विचारलं.

"ऊस गोड लागला म्हणून कोणी मुळासकट खातं का?"

मी हसले. तीही हसली. असं वर्षाहून जास्त चाललं. या काळात उषाचं नाव मात्र मोठं झालं. लिस्टवर तिचा शब्द मानला जाऊ लागला, परदेशातून कामं येऊ लागली, माधापूरच्या नोकरीपेक्षा तिचं बरं चाललं. मला वाटलं, आता हिचा राग निवेल. पण तिनं काम घेतलं तेही असंच, की हर्षदची आवृत्ती आली की हातातलं सोडून तिकडे बघता आलं पाहिजे.

एका रविवारी सकाळी सुशीलाबाईंनी मला हाक मारली. पाहुणी आली आहे, पुण्याची आहे, ये म्हणाल्या. गेले तर बैठकीत एक तिशीची बाई ताठ बसली होती. प्राजक्ता नाव. हर्षदच्या हाताखाली काम करणारी. उषाला मेल करून, पत्ता विचारून आली होती.

सुशीलाबाईंनी उपमा दिला. तिनं बशी हातात घेतली आणि तशीच ठेवली.

"ताई, ती प्रत्येक आवृत्ती मी लिहिते," ती उषाला म्हणाली. "नाव त्यांचं जातं. तुम्ही चूक काढलीत की त्यांना लिस्टवर एक ओळ लिहावी लागते. मला मात्र पुढचा महिनाभर खोलीत बोलावून बोलतात. या वर्षी माझी बढती गेली. तुझ्यामुळं त्या बाईसमोर मान खाली घालावी लागते, असं म्हणतात."

उषानं बशी तिच्याजवळ सरकवली. तिनं तिकडे पाहिलं नाही.

"मी मागचं सगळं काढून पाहिलं. तुम्ही आजवर दाखवलेली एकूण एक चूक पहिल्या आवृत्तीतच होती. ज्याला दुसऱ्या चुकीपर्यंत पोचता येतं त्याला बाकीच्या दिसल्याच असणार. तुम्हाला तेव्हाच दिसल्या होत्या ना?"

"हौ," उषा म्हणाली.

"मग?"

उषानं सांगितलं. वडिलांचा दहावा, फोन, दोन कंपन्या. फार हळू आवाजात. प्राजक्तानं मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "उषा चूक लपवते, असं ते ऑफिसात अजून म्हणतात. मी त्यावरून त्यांच्याशी भांडले होते. तुमचे रिव्ह्यू वाचून म्हटलं, असं स्वच्छ लिहिणारी बाई चूक कशाला लपवेल."

सुशीलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना कामातलं काही कळत नव्हतं, पण हे कळलं. त्या आत निघून गेल्या.

"अजून किती शिल्लक आहेत?" प्राजक्तानं विचारलं.

"एक."

"मोठी?"

उषानं खिडकीबाहेर पाहिलं. मग सांगू लागली. मशीनाची काही कामं प्रोसेसर थेट करत नाही. तिथं हे सॉफ्टवेअर मध्ये पडतं आणि त्या मशीनाच्या वतीनं एखादी आज्ञा स्वतः पार पाडतं. ती आज्ञा नेमकी 'परत जा' अशी असली, तर हर्षदच्या कोडमध्ये सॉफ्टवेअर पत्ता वाचतं आणि थेट जातं. दुसऱ्या नकलेशी ताडून बघतच नाही. ज्या चोराला आपला प्रोग्रॅम त्या वाटेनं न्यायचं जमेल, त्याच्यासाठी मागचं दार सताड उघडं. पुढच्या दाराला कितीही कुलपं असोत.

"ही मी मुद्दाम मागं ठेवली होती," उषा म्हणाली. "सगळं पूर्ण झालं असं त्यानं जाहीर करायची वाट बघत होते. मग सांगणार होते."

प्राजक्ताचा चेहरा उतरला. "ताई, हे गिऱ्हाइकांना देऊन झालंय."

"मंजूर व्हायच्या आधी?"

"मशीन हलवण्याची अडचण मिटली ना, मग थांबायचं कशाला, म्हणाले. त्यात बँका आहेत, दवाखाने आहेत. सगळ्यांना सांगितलंय की आता तुम्ही सुरक्षित आहात."

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. उषाचे कान लाल झाले होते. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण ती स्वतःवर रागावलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आणि पुढच्याच क्षणी तिचा चेहरा बदलला. तिला काय सुचलं ते मला कळलं. तो पुन्हा तेच करून बसला होता. अपुरं काम, पूर्ण म्हणून, गिऱ्हाइकाच्या गळ्यात.

"उद्या सकाळी कळवते," ती म्हणाली. "अशी भोकं उघड्यावर सांगत नाहीत. त्यासाठी वेगळी माणसं आहेत, त्यांना खासगीत सांगतात. ती कंपनीला जाब विचारतील. तुझं नाव कुठं येणार नाही."

"एक लिहा त्यात," प्राजक्ता उठत म्हणाली. "तुम्हाला हे कधी दिसलं, तेही लिहा."

मला वाटलं, उषा नाही म्हणेल. ती म्हणाली, "लिहिते."

उपमा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उषानं ती मेल पाठवली. भोक कुठं आहे, चोर कसा शिरेल, बुजवायचं कसं, सगळं. या कंपनीनं हे आधीच गिऱ्हाइकांना दिलं आहे का, हे तिथले प्रमुख हर्षद यांना विचारावं, असं स्पष्ट नाव घालून. आणि शेवटी, ही त्रुटी मला पहिल्या आवृत्तीतच दिसली होती, मी ती सांगितली नाही. मला तिनं पाठवण्याआधी वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य वाचताना ती अडखळली नाही.

दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा ती आमच्याच ओट्यावर बसली होती. फोन वाजला. नाव बघून तिनं स्पीकर लावला आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला.

"उषा, मी हर्षद. कशी आहेस? आई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"बघ, सकाळी प्राजक्तानं मला एक भोक दाखवलं. मोठं आहे. मला वाटतं, तुला ते माहीत असणार. तुझ्या नजरेतून असलं सुटायचं नाही." तो हसला. "माझं एवढंच म्हणणं आहे की थोडे दिवस थांब. आम्ही गुपचूप दुरुस्त करून गिऱ्हाइकांना नवं देतो. मग तू खुशाल सांग. उगाच बोभाटा झाला तर नुकसान सगळ्यांचंच."

उषानं स्पीकरचा आवाज वाढवला.

"आणि मी विचार करत होतो, तू परत ये. वरच्या जागेवर ये. जे झालं ते झालं. परक्या गावात आपण दोन मराठी माणसं, आपणच एकमेकांना धरून राहायला पाहिजे."

"हे मला परकं गाव नाही," उषा म्हणाली. "एक विचारू? वडील दवाखान्यात होते तेव्हा मी तुम्हाला काय सांगितलं होतं? चालू करा की करू नका?"

तो म्हणाला, "तेव्हाची परिस्थिती तुला माहीत नाही. वरून दबाव होता."

"काय सांगितलं होतं?"

"करू नका म्हणाली होतीस."

"बरं."

"झालं तुझं समाधान? मग थांबतेस ना?"

"मेल सकाळीच गेली, हर्षद. तुमचा फोन यायच्या आधी."

त्याचा श्वास ऐकू आला. "मग मला इतका वेळ बोलू कशाला दिलंस?"

"ऐकायचं होतं," उषा म्हणाली आणि फोन बंद केला. मग तिनं माझ्याकडे पाणी मागितलं आणि तांब्याभर पाणी एका दमात प्याली.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. ज्यांना मेल गेली होती ती मंडळी कंपनीच्या मागे लागली. कंपनीला सगळ्या गिऱ्हाइकांना कळवावं लागलं की दुरुस्ती येईपर्यंत ही सोय बंद ठेवा. नशिबानं त्या दारानं कोणी शिरलं नव्हतं, निदान कोणाला सापडलं तरी नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं, पूर्ण झालं असं आम्हाला कोणी सांगितलं होतं? ते नाव शोधायला वेळ लागला नाही. या खेपेला लेखी होतं. हर्षदनं स्वतःच्या सहीनं दिलेलं होतं. त्याला आधी त्या कामावरून काढलं, आणि मग राजीनामा द्यायला सांगितलं.

दुरुस्ती प्राजक्तानं लिहिली, स्वतःच्या नावानं. उषानं ती तपासली आणि जे काही दिसलं ते पहिल्याच उत्तरात सगळं लिहून टाकलं. काम मंजूर झालं तेव्हा लेखक म्हणून प्राजक्ताचं नाव होतं आणि त्याखाली, मूळ काम उषाचं, अशी एक ओळ. ती ओळ प्राजक्तानं घातली होती. पण त्यानंतर ती अंबरपेठेत कधी आली नाही. उषानं दोनदा जेवायला बोलावलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, जमणार नाही, आणि खाली कामाचा प्रश्न.

उषालाही भरावं लागलं. लिस्टवरच्या एका म्हाताऱ्या माणसानं तिला सगळ्यांसमोर लिहिलं, तुमची नजर असामान्य आहे, पण दिसलेली चूक हातात राखून ठेवणाऱ्या तपासनिसावर आम्ही कसे विसंबणार? काही काळ तिच्या एकटीच्या संमतीवर कोणताही बदल घ्यायचा नाही असं ठरलं. तिनं उत्तर दिलं, मान्य आहे. एक परदेशी कामही गेलं.

त्यानंतर काही महिन्यांनी तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला. हर्षदनं त्यांच्याकडे अर्ज केला होता. तू त्याच्याबरोबर काम केलं आहेस, कसा माणूस आहे? उषानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काही वाढवलं नाही, आपलंही काही वगळलं नाही. हर्षदला ती जागा मिळाली नाही.

"थोडं सांभाळून घेता आलं असतं," मी म्हटलं. "तो आधीच आडवा झालाय."

"कशाला सांभाळायचं? विचारलं ते सांगितलं." मग म्हणाली, "त्याचं मला काही वाटत नाही, माधवी. रात्री झोप छान लागते. त्या मुलीचं वाटतं. तिची बढती गेली ती मी घालवली."

या जानेवारीत आम्ही दोघी नामपल्लीच्या नुमाइशला, तिथल्या मोठ्या प्रदर्शनाला, गेलो होतो. दर वर्षी जातो. काश्मिरी शालींच्या रांगेत समोरून हर्षद आला. सोबत बायको वंदना, ती आता हैदराबादेतच असते. तो थबकला. वळता आलं असतं तर वळला असता, पण मागे गर्दी होती. वंदनानंच विचारलं, कोण या? त्यानं नाव सांगितलं, जुन्या ऑफिसातल्या, एवढंच.

"अय्या, उषाताई का," वंदना म्हणाली. "तुमच्या आईंच्या हातच्या भाकरीचं हे फार कौतुक करायचे. मी नव्हते तेव्हा त्यांनी सांभाळलं यांना. या ना एकदा घरी, आईंना घेऊन."

तिनं उषाचा हात हातात घेतला होता. बाई चांगली होती. तिला काहीच माहीत नव्हतं. हर्षद शालीची किनार बघत उभा होता.

उषानं हात सोडवून घेतला, अलगद. "नाही, मी येणार नाही," ती म्हणाली. "का ते यांना विचारा. सगळं विचारा."

आणि ती पुढं निघाली. मी वंदनाकडे पाहिलं, मग मीही निघाले. दहा-बारा दुकानं मागे पडल्यावर मी तिला गाठलं.

"बायकोचा काय दोष? तिच्यासमोर कशाला?"

"तिनं घरी बोलावलं. मी काय हसून हो म्हणू?" उषा म्हणाली. आवाज नेहमीचा होता. उतरलेला नव्हता.

चिनी मातीच्या बरण्यांच्या दुकानात ती थांबली. सुशीलाबाईंना लोणच्यासाठी बरणी हवी होती. उषानं एकेक बरणी उचलून, बोटानं वाजवून, आवाज ऐकून पाहिली. दुकानदाराशी दख्खनीत चांगली हुज्जत घातली. दोन घेतल्या, एक माझ्या हातात दिली आणि म्हणाली, नीट धर, झाकण सैल आहे. मग आम्ही गर्दीतून वाट काढत रिक्षा शोधायला फाटकाकडे गेलो.